कूलरच्या तोंडाशी

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत २२ अंश सेल्सिअस तापमान असतं. हिवाळ्यात सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमाराला ते येतं, गावात जरा फिरतं आणि ऊन चढलं की निघून जातं. सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, आणि तेव्हापासून कचेरी उघडते पावणेदहाला. त्यामुळे २२ अंश आणि कर्मचारी यांची गाठ सहसा पडत नाही.

ती पडायला हवी, असं शास्त्राचं म्हणणं आहे. ओली सेप्पानेन, विल्यम फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००६ साली दोन डझन अभ्यास एकत्र करून एक आलेख काढला. ऑफिसातलं काम सगळ्यात चांगलं होतं २२ अंशांच्या आसपास. पारा वर गेला की काम खाली येतं, आणि ३० अंशांना ते सुमारे नऊ टक्क्यांनी घटलेलं असतं. पुढे काय होतं याची हेलसिंकीत बसलेल्या माणसाला फारशी फिकीर नसणार. आपल्याला आहे. देवळीत मे महिन्यात ४५ म्हणजे नेहमीचंच. ती रेघ पट्टी लावून सरळ पुढे ओढली, तर ४५ अंशांना पाव हिस्सा काम बुडायला पाहिजे. ओळखीच्या एका बाबूंना मी हा हिशेब सांगितला. ते हातातला दुपट्टा खाली ठेवून म्हणाले, “म्हंजे बाकीचं तीन हिस्से होऊन राहिलं का? कुठं बाप्पा?”

मला मात्र या आलेखाची वेगळीच गंमत वाटते. त्यात गृहीत धरलंय की एका खोलीला एकच तापमान असतं. हे ज्यांनी गृहीत धरलं त्यांच्या कचेरीत कूलर नसावा. कूलरला तोंड असतं. तोंड एका दिशेला असतं. आणि त्या दिशेला कोण बसणार, यावरून देवळीतल्या कचेरीत कुणाचं काय पद आहे ते परक्या माणसाला दारातून कळतं. टेबलावरच्या पाट्या वाचायची गरज नाही. साहेबांच्या केबिनला स्वतःचा कूलर, आताशा एसी. बाहेरच्या हॉलला मिळून एक मोठा पत्र्याचा कूलर. त्याच्या थेट तोंडाशी आस्थापना, म्हणजे ज्यांच्या हातात सगळ्यांच्या रजा आणि वेतनवाढी. मग लेखा. लेख्याच्या आडोशाला संगणकवाले. आणि पार टोकाला, उघड्या दाराजवळ, बारनिशी. आवक-जावकचे हे काका कूलरपासून इतके दूर की त्यांना त्याचा फक्त आवाज येतो. हे कुठलं कार्यालय ते सांगत नाही. देवळीतल्या कुणालाही ते आपलंच वाटेल.

या रचनेला हात लावण्याची सोय नाही. एखादा माणूस किरकोळ रजेवर गेला तर त्याच्या अर्जावर सही व्हायच्या आधी शेजाऱ्याची खुर्ची वीतभर सरकलेली असते. परत आल्यावर तो काही बोलत नाही. नुसतं खुर्चीकडे पाहतो, फरशीकडे पाहतो आणि आपल्या टेबलाचा पाय ओढत पूर्वीच्या रेघेवर आणतो. फरशीवर त्या रेघा उमटलेल्या आहेत. जमिनीच्या मोजणीत इतकी अचूकता मिळाली असती तर तालुक्यातले निम्मे बांधाचे वाद मिटले असते.

डेन्मार्कचे पी. ओ. फँगर या विषयातले आद्य आचार्य. माणसांना एका बंद खोलीत बसवायचं, अंगावर सारखे कपडे, आणि विचारायचं, कसं वाटतंय? त्यातून १९७० साली त्यांनी ‘थर्मल कम्फर्ट’ हा ग्रंथ लिहिला. हवेचं तापमान, भिंतींची धग, दमटपणा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि चाललेलं काम, या सहा गोष्टींवरून माणसाला बरं वाटेल की नाही ते त्यांच्या समीकरणातून निघतं. सातवी गोष्ट पदश्रेणी. ती राहून गेली. पण फँगरसाहेबांनी एक फार शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. खोली कितीही आदर्श करा, शंभरातले पाच जण नाराजच राहणार. हॉलमध्ये अकरा माणसं धरली तर पाच टक्के म्हणजे साधारण अर्धा माणूस. हा अर्धा माणूस कोण, यावर कचेरीत एकमत आहे. लेखा विभागातले ते, जे अर्धाच दिवस जागेवर सापडतात.

तोंडाशी बसणं म्हणजे सुख असा समज दाराजवळच्यांचा असतो. तोंडाशी बसलेल्याचं दुःख वेगळं. पहिलं म्हणजे कागद. कूलरचा झोत आला की टेबलावरची प्रत्येक नस्ती उठून उभी राहते. काचेचे पेपरवेट, आत रंगीत फुलं असलेले, फक्त साहेबांकडे. आणि त्यांच्या केबिनमध्ये कागद उडत नाहीत. बाहेर मग एका नस्तीवर पंचिंग मशीन, दुसरीवर शाईचा पॅड, तिसरीवर रस्त्याच्या कामावरून आलेली गिट्टी, चौथीवर जेवणाचा डबा. कुणी दाखला मागायला आलं की आधी डबा उचलायचा, मग गिट्टी, मग तिच्याखालचा कागद ओढायचा आणि तेवढ्यात बाकीच्या तिन्ही नस्त्यांवर दोन्ही कोपरं टेकवून ठेवायची. ही कसरत ज्याला साधते त्याच्या कामाचा वेग कुठल्या आलेखात मोजायचा?

दुसरं म्हणजे ओल. पंधरा दिवसांत तिथले कागद मऊ पडतात. शिक्का मारला की शाई फुलते आणि गोल शिक्क्याचं सूर्यफूल होतं. डिंकाची पाकिटं आत काही घालायच्या आधी आपणहून बंद होतात. एका नस्तीला आतून बुरशी आली होती, पण त्या नस्तीच्या बाबतीत दोष कूलरचा की तिच्या वयाचा, हे ठरवणं अवघड.

कूलरची तयारी होळी झाली की सुरू होते. वर्षभर आवळून बांधलेलं प्लास्टिक काढायचं, आत पाल निघते ती हाकलायची, तिन्ही बाजूंच्या जाळ्या उघडून मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसायचं. नवं गवत भरलं, मोटर जाम असते तिला स्क्रू-ड्रायव्हरने ढोसलं, पंपाच्या नळीत अडकलेला क्षार तारेने काढला, की शिपाईभाऊ पायात रबरी चप्पल घालून बटण दाबतात आणि टेस्टर पत्र्याला लावून पाहतात. टेस्टर पेटला नाही तर उद्घाटन झालं. पहिला आठवडा सगळ्या हॉलभर ओल्या लाकडाचा वास. तो मला, खरं सांगायचं तर, कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. गाव अक्षरशः भट्टीत असताना त्या वासात एक प्रकारचा दिलासा असतो.

आणि यंत्र म्हणून तो साधासुधा वाटला तरी वऱ्हाड-नागपूरच्या उन्हाळ्यासाठीच बनवल्यासारखा आहे. मे महिन्यातली आपली हवा कोरडी ठणठणीत. ४५ अंश आणि जेमतेम १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापी २४ च्या आसपास दाखवतो. त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही, पण गवत नवं असेल आणि पाणी नीट झिरपत असेल तर २८ पर्यंत झोत आणून देतो. म्हणजे सेप्पानेन आणि मंडळींच्या आलेखात परत आत. पण केवळ तोंडाशी. बारनिशीच्या टेबलापर्यंत तो झोत पोचतो तेव्हा त्याला दारातून आलेली लू भेटते, आणि त्या भेटीत कोण जिंकतं हे सांगायला नको.

एक अट मात्र आहे. कूलरला मागून ताजी हवा लागते आणि समोरून हवा बाहेर जायला वाट लागते. वैदर्भीय माणूस हे आईच्या दुधाबरोबर शिकतो. बाहेरून आलेल्याला पटवावं लागतं. बाहेरून येणाऱ्यांची व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमात म्हटलंय की सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. मुलांच्या शाळेची सोय म्हणून असेल. पण परिणाम असा की कोकणातला एखादा माणूस आयुष्यात पहिल्यांदा देवळीच्या रस्त्यावर उतरतो ती वेळ बरोबर नवतपाची असते. रोहिणी नक्षत्र लागलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि हा हातात आदेश घेऊन उभा. असे एक साहेब रुजू झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद करवून घेतल्या. थंडावा वाया जातो म्हणून. तासाभरात हॉलमध्ये डाळ शिजली असती. शिपाईभाऊ आत गेले.

“साहेब, खिडकी उघडी ठेवा लागते.”

“अहो, पण बाहेरून गरम हवा आत येतेय!”

“गरमच येईन नं साहेब. थेच तर थंडी करून राह्यला तो.”

साहेबांनी विचार केला. त्यांना हे तात्त्विकदृष्ट्या पटलं नाही, पण शर्ट पाठीला चिकटला होता. खिडक्या उघडल्या. तेव्हापासून ते शिपायाला “भाऊ” म्हणतात, आणि म्हणायलाच हवं, कारण टाकीत पाणी भरणारा तोच आहे. दुपारी तीनला टाकी रिकामी होते. ती सव्वातीनला भरायची की साडेचारला, हे त्याच्या मर्जीवर. त्याचा प्रवासभत्ता अडला असेल तर साडेचार.

महिला कर्मचाऱ्यांची गोष्ट स्वतंत्र आहे. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’ मध्ये दाखवून दिलं की ऑफिसांच्या तापमानाचे दंडक ज्या माणसावर बेतलेले आहेत तो चाळिशीतला, सत्तर किलोचा पुरुष आहे. बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता या हिशेबात ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. म्हणून जगभरच्या एसी ऑफिसांत बायका शाल घेऊन बसतात. देवळीच्या बँकेत हे दृश्य मे महिन्यात दिसतं. बाहेरून आलेली ग्राहक मॅडम तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, डोळ्याला गॉगल, उन्हापासून. आणि काउंटरच्या आतली मॅडम स्वेटरमध्ये, एसीपासून. दोघी एकमेकींकडे पाहतात. दोघींनाही समोरचीचं नवल वाटतं.

एसीचं मात्र माणसांशी फारसं नातं नाही, हे एकदा मान्य केलेलं बरं. एसी यंत्रांसाठी असतो. एटीएमच्या खोलीत एसी, कारण मशीन बंद पडेल. सर्व्हरच्या खोलीत एसी, कारण सर्व्हर बंद पडेल. बारनिशीवाले काका बंद पडल्याचं अजून ऐकिवात नाही. हा न्याय जुनाच आहे. पुलगावला एकेकाळी कापडगिरणी होती. सूतकताईत हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवायची पद्धत. धाग्याला काय सोसवतं याचा विचार आधी, धाग्याजवळ उभ्या माणसाचा मग. १९४८ च्या कारखाना कायद्यात तेराव्या कलमात लिहिलं होतं की कामाच्या जागी कामगारांना वाजवी आराम वाटेल असं तापमान राखावं. ‘वाजवी’ या शब्दाची व्याख्या पंखा किती जोरात फिरतो यावर अवलंबून राहिली. भारतातल्या कारखान्यांवरचा ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२१ साली आला. वर्ष एका अंशाने तापलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घसरतं, असं त्यात निघालं. शिवाय गरमी वाढली की माणसं कामावर कमी येतात. कचेरीत उलटं. घरची लाइन गेली की माणसं कचेरीत वेळेवर येतात, सुटीवर असलेलेही येतात, आणि दोन सेवानिवृत्त तर पेन्शनची चौकशी म्हणून आलेले पाच वाजेपर्यंत आस्थापनेच्या खुर्चीमागे उभे असतात, थेट झोतात.

राज्यकर्त्यांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं: आपण निघून जायचं. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जायचं. खाली उरलेल्या अधिकाऱ्यांसाठी छताला टांगलेला पंखा आणि व्हरांड्यात दोरी ओढणारा पंखेवाला; दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो आडवा पडून झोपेत पाय हलवायचा. उत्पादकतेच्या दृष्टीने झोपेत काम करण्याची परंपरा आपल्याकडे तिथून असावी. पुढे १९५३ चा नागपूर करार झाला आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला ठरलं. ते भरतं डिसेंबरात. मे महिन्यात भरवून पाहा म्हणावं, विदर्भाचा अनुशेष आठ दिवसांत भरून निघेल.

एकच माणूस उलट्या बाजूने आला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. एप्रिलची तीस तारीख! बदलीच्या आदेशाशिवाय या तारखेला वर्धा जिल्ह्यात रुजू झालेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही. घर शंभर रुपयांच्या आत, गावातल्याच वस्तूंचं, माती-बांबू-कवेलूचं बांधा, ही त्यांची अट. जाड मातीच्या भिंती आणि खोल पडवी. देशाचा कारभार तिथून चालला, आणि डोक्यावर ओला फडका ठेवून चालला. म्हणजे कूलरचंच तत्त्व, फक्त मोटर नाही आणि झोत ज्याचा त्याला. अर्थात ऊन कुणालाच सोडत नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रकृतीसाठी गांधीजींना नंदी हिल्सला जाऊन राहावं लागलं. आणि काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांना ‘चले जाव’ सांगणारा ठराव वर्ध्यात केला तो १४ जुलै १९४२ ला. पाऊस पडून गेल्यावर. मे महिन्यात बैठक झाली असती तर सदस्यच आधी गेले असते.

तापमान नक्की किती, यावर कचेरीत रोज वाद असतो, आणि ३० मे २०२४ ने तर कमाल केली. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने त्या दिवशी ५६ अंश दाखवले. हवामान खात्याने लगेच सांगितलं की यंत्राचा सेन्सर बिघडला आहे. पण खुलासा यायच्या आधी बातमी देवळीत पोचलेली, आणि माणसाला एकदा ५६ कळलं की ४५ मध्ये त्याचं समाधान होत नाही. “थे दाखवत नाहीत खरं,” असं ठाम मत पडलं. “पन्नासच्या वर गेलं तं सुट्टी द्या लागन नं.” असा कुठला नियम नाही हे सांगून उपयोग नव्हता. माणसाला तापमान सोसायला फारसं काही लागत नाही. आपल्या सोसण्याची नोंद बरोबर आकड्यात व्हावी एवढंच लागतं.

दिल्लीहूनही आकडे येत असतात. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू व्हावेत असा दंडक आला. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की एसीची मर्यादा २० ते २८ करू. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी तर सिमल्यापासून चेन्नईपर्यंत पाच शहरांतल्या सोळा इमारतींत विचारपूस करून दाखवलंय की खिडक्या उघड्या असलेल्या ऑफिसातला भारतीय माणूस फँगरच्या माणसापेक्षा चढ्या तापमानातही खूश असतो. हे सगळं खरं. पण साहेबांच्या एसीचा रिमोट त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो, ड्रॉवरला कुलूप, आणि रिमोटवर कायम १६. सोळावर ठेवलं की लवकर थंड होतं, अशी साहेबांची श्रद्धा. एसी आपल्या चालीने चालतो, आकडा काही का असेना. श्रद्धेला मात्र आकडा लागतो.

या सगळ्या संशोधनांत एक माणूस कुठेच मोजलेला नाही. तो व्हरांड्यात उभा आहे. भिडीहून, अंदोरीहून सकाळच्या गाडीने आला, दाखल्यासाठी. डोक्याला दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्याला आत बोलावलं की तो दारातच थांबतो, कारण आत पाऊल टाकलं तर चपलांचा धुरळा होईल असं त्याला वाटतं. त्यामुळे तो उभा राहतो ते बरोबर बारनिशीच्या टेबलाशी. काका त्याला माठातलं पाणी देतात, अर्जावर क्रमांक टाकतात आणि म्हणतात, “बसा भाऊ, साहेब यायचे आहेत.” सगळ्या कचेरीत मे महिन्यात जिथून काम पुढे सरकतं असं म्हणता येईल ते हे एकच टेबल. त्याचं कारणही तापमानच आहे. तिथे कुणी गप्पा मारायला थांबत नाही.

मग जून येतो. मृगाचे दोन सडाके पडले की पारा ३४ वर येतो, पण हवेत पाणी भरतं, आणि ओल्या गवतातून फिरलेला झोत आता नुसती चिकचिक घेऊन येतो. कूलर चालू असला तरी उकडतं. बंद केला की माश्या. तोंडाशी बसलेल्यांचे कागद तर आता पिळून काढावे लागतात. आणि दाराजवळ, बारनिशीच्या टेबलावर, पावसाची थंड झुळूक सरळ येऊन आदळते. चार दिवस काका पाय लांब करून बसले. पाचव्या दिवशी लेखा विभाग कामासाठी म्हणून तिथे येऊन उभा राहिला. सहाव्या दिवशी आस्थापनेने फरशीवरच्या रेघा डोळ्यांनी मोजल्या. सातव्या दिवशी कार्यालयीन आदेश निघाला: कामकाजाच्या सोयीसाठी हॉलमधील आसनव्यवस्था सेवाज्येष्ठतेनुसार तात्काळ बदलण्यात येत आहे.

आदेश नियमाप्रमाणे जावक नोंदवहीत चढवण्यासाठी बारनिशीकडे आला. काकांनी चष्मा पुसला, क्रमांक टाकला, आणि शाईचा पॅड शोधायला लागले. तो कूलरसमोरच्या नस्तीवर ठेवलेला होता.